पेन्सिलीचे ठिपके

मी सिद्रामावशीच्या खाणावळीतली गाण्यांची वही बोलतेय. गाणी माझ्यात नाहीत, ती पलीकडच्या कॅराओके यंत्राच्या पोटात आहेत. माझ्यात फक्त त्यांची नावं आणि आकडे. आकडा दाबला की सूर वाजतात, पडद्यावर शब्द येतात आणि माणूस माइक धरून गायला लागतो. शेवटी यंत्र त्याला शंभरपैकी गुणही देतं. पण आकडा शोधायला आधी माझ्याकडे यावं लागतं. त्यामुळे माणूस गायच्या आधी कसा दिसतो, ते मी बघितलेलं आहे.

इलोइलो शहरातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. पानापानाला प्लास्टिक, पाठीला लोखंडी कड्या. पहिली काही वर्षं मी एका दारूच्या गुत्त्यात काढली. तिथे लोक माझ्यावर गरम वाडगे ठेवायचे, मला पंख्यासारखं हलवून वारा घ्यायचे. एका गृहस्थाने तर माझं एक पान टराटरा फाडलं, कारण त्या पानावरचं गाणं गाऊन त्याच्या बायकोने त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवले होते. तेव्हापासून कुणाचाही हात लागला की मी आधी संशयच घेते.

पुढे यंत्रासकट मी होडीतून गिमारास बेटावर आले, धक्क्याजवळच्या या खाणावळीत. मालकीण इसिद्रा, सगळ्यांची सिद्रामावशी. तिने धक्क्यावरच्या होडीवाल्याला हाक मारली तर समुद्रातला माणूस वळून बघायचा. पण ती कधी गायली नाही. कुणी माइक पुढे केला की म्हणायची, "थांबा, कढईत तेल तापलंय," आणि आत जायची. चुलीवर कढई नसायची, हे मला इथून दिसायचं.

आणि मग नेमेसिया आली.

ती गावात नवी होती, शाळेचे गणवेश शिवायची. दुपारी तीनला, जेवणाची गर्दी ओसरली की यायची, लिंबाचं सरबत मागायची आणि मला मागायची. गायची मात्र नाही. एकेका नावावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत गुणगुणायची. आणि एके दिवशी तिने खिशातून पेन्सिल काढली आणि एका आकड्याशेजारी बारीक ठिपका दिला.

मी दचकले. हा कसला ठिपका? दुसऱ्या दिवशी आणखी सहा. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन.

सिद्राची नणंद पुरिंग तिथेच भाजी चिरत बसायची. तिची नजर माझ्यापेक्षा तिखट. ती कुजबुजली, "वहिनी, त्या शिवणवालीकडे लक्ष ठेव. सगळी गाणी हेरून ठेवतेय. उद्या पलीकडच्या गल्लीत स्वतःचं यंत्र टाकेल आणि तू बसशील माश्या मारत."

"बघते मी," सिद्रा म्हणाली.

मग आणखीच विचित्र झालं. नेमेसियाबरोबर बायका येऊ लागल्या. कपडे धुणारी कोंचिंग, जिला मी नऊ वर्षांत कधी माइकजवळ पाहिलं नव्हतं, तिच्या कानात नेमेसियाने एक आकडा सांगितला. कोंचिंग गायली. यंत्राने अठ्ठ्याऐंशी गुण दिले. कोंचिंग माइक छातीशी धरून नुसती उभी राहिली.

"यंत्रात काहीतरी करून ठेवलंय हिने," पुरिंग म्हणाली. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

त्याच दिवसांत सिद्राची मुलगी रोवेलिन परदेशी निघाली होती, एका इस्पितळात परिचारिका म्हणून. रविवारी दुपारी निरोपाचं जेवण होतं. तिने एकच हट्ट धरला. "आई, मला काही नको. तू एक गाणं म्हण."

"अख्खं डुक्कर भाजून घालते, पण गायला सांगू नकोस."

"डुक्कर तिकडेही मिळेल गं!"

सिद्रा आत गेली. या वेळी कढईचं नावसुद्धा काढलं नाही.

गुरुवारी तिने मला नेमेसियापुढे आपटलं. "हे ठिपके कसले? खरं सांग. माझं गिऱ्हाईक पळवायचंय?"

नेमेसिया घाबरली, पण उठली नाही. "ताई, एक ठिपका म्हणजे गाण्यात उंच चढाव नाही. दोन म्हणजे चढाव नाही आणि त्याच ओळी परत परत येतात, पाठ होतात. तीन म्हणजे हे सगळं असून श्वास घ्यायलाही जागा आहे. ज्या बायकांना गायची भीती वाटते, त्यांच्यासाठी."

"म्हणजे गाढवांची गाणी वेगळी काढलीस!"

नेमेसियाने सरबताचा पेला बाजूला सारला. "मी सतरा वर्षांची असताना भावाच्या लग्नात उंच गाणं घेतलं. आवाज फाटला. सगळा मांडव हसला. त्यानंतर सव्वीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. चर्चमध्येही नुसते ओठ हलवायचे. गेल्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. म्हणाली, एकदा गाऊन दाखव. मी म्हटलं, उद्या." तिने माझं पान सरळ केलं. "ती सकाळी गेली. गळा वाईट नव्हता, ताई. गाणं चुकीचं घेतलं होतं. एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली."

सिद्राने मला हळूच मिटलं. मी मात्र विश्वास ठेवला नाही. गुत्त्यात खोटं रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

शुक्रवारी सकाळी खाणावळ उघडायच्या आधी सिद्राने दार लोटलं आणि मला उघडलं. तीन ठिपक्यांच्या गाण्यावर तिचं बोट थांबलं. यंत्राचा आवाज बारीक करून ती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली. मग दार किलकिलं करून तिने रस्त्यावरून चाललेल्या नेमेसियाला हटकलं. "ए, आत ये. कडी लाव."

नेमेसियाने तिचं गाणं ऐकलं. "ताई, होडीवाल्याला हाक मारता तो आवाज कुठून येतो?"

"पोटातून. आणखी कुठून?"

"मग हेही तिथूनच येऊ द्या. पण ओरडू नका, बोलल्यासारखं म्हणा. आणि सूर दोन पायऱ्या खाली घेऊ." तिने यंत्राचं एक बटण दाबलं.

"ही लबाडी झाली."

"बटण कुणासाठीतरी ठेवलंय ना?"

रविवारी अंगणात तीस-पस्तीस माणसं होती. जेवणं झाल्यावर सिद्राने हात पुसले आणि माइक घेतला. सगळे एकदम गप्प झाले. या शांततेचा मला भरवसा नव्हता. हसण्याआधीही माणसं अशीच गप्प होतात.

ती गायली. आवाज जाड होता, एका जागी कापलाही. पण ती रोवेलिनकडे बघत होती आणि तिच्याशी बोलल्यासारखे एकेक शब्द म्हणत होती. रोवेलिनने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

शेवटची ओळ झाली. आता पडद्यावर गुण येणार होते. पुरिंग झटकन उठली आणि यंत्राकडे गेली. मला वाटलं, ही आता नक्की खोडी काढणार, मोठ्याने आकडा वाचून दाखवणार.

तिने भिंतीतून वायर उपटली. पडदा काळा झाला.

"अगं, गुण!" कुणीतरी ओरडलं.

"घरच्या माणसाला कसले गुण द्यायचे?" पुरिंग गुरगुरली आणि भाजीच्या टोपलीकडे परत गेली.

चारच्या होडीने रोवेलिन गेली. धक्क्यावर सिद्रा रडली नाही. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती, असं कोंचिंग सांगत होती.

आता माझ्या कड्या सैल झाल्यात. तरुण मुलं गाणी फोनवर शोधतात. नेमेसियाने पलीकडच्या गल्लीत यंत्र कधी टाकलं नाही. एवढ्यापुरती मी चुकले, कबूल करते. माझ्या पानांवर आता वेगवेगळ्या हातांचे ठिपके आहेत, काही पेनाने दिलेले, काही अगदी भित्रे.

टाळ्यांचा भरवसा मला अजूनही वाटत नाही. म्हणून एवढंच मागते. कुणी बाई मला मांडीवर घेऊन पानं उलटत बसली असेल, तर मागून "लवकर कर" म्हणू नका. उंच गाणं सुचवू नका. तिच्या तोंडाकडे बघत बसू नका. तिला तिचा आकडा सापडू द्या.