खिडकीतली मंदा

महिपत माझा पोटचा आहे, म्हणून त्याचं वागणं झाकून ठेवणार नाही. त्या दिवसांत तो मिठागरावरून घरी यायचा आणि कोपऱ्यात खोकत पडलेल्या जिवंत बायकोला ओलांडून खिडकीतल्या मेलेल्या बायकोशी बोलत बसायचा. शेवंतीला घोटभर पाणी हवं का, हे त्याला सुचायचं नाही. खिडकीला मात्र सांगायचा, "मंदे, आज मिठावर वारा फार होता गं."

असल्या वागण्याला माझ्या माहेरी एक शब्द होता. तो चारचौघांत बोलण्यातला नाही.

खिडकीत टांगला होता शेवंतीच्या छातीचा फोटो, इस्पितळात काढतात तो, एक्सरे. आमच्या घराची ती खिडकी उगवतीची. सकाळचं ऊन मागून आलं की त्या काळ्या फिल्ममध्ये फासळ्या उमटायच्या आणि फासळ्यांच्या आड एक बाई उभी राहायची. चार बोटं उंच, पांढरीफटक. डोकं, पायघोळ लुगडं, दोन हात. एक हात सरळ, दुसरा कोपरात वाकलेला. ऊन सरकलं की ती विझायची. मग दिवसभर तो नुसता काळा तुकडा वाऱ्यावर खिळ्याला खडखडत राही. मी कोणाला भीत नाही, पण त्या खडखडीकडे पाठ करून भाकऱ्या थापताना माझीही मान ताठायची.

मंदा माझी पहिली सून. तापाने गेली. कामाला वाघीण आणि तोंडाने गरीब. ती गेल्यावर शेवंती आली, आणि वर्ष सरतं न सरतं तोच शेवंतीला खोकला धरला. इस्पितळात फोटो काढला, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं होतं की हा बरोबर आलेला नाही, बाईंना परत घेऊन या. महिपतने ते कानाआड केलं. फोटोत त्याला बाई दिसली होती. तो तडक गेला धाकू भगताकडे.

मग काय विचारता. रोज सकाळी आमच्या अंगणात भाईंदरचं अर्धं गाव. कोणी नारळ आणी, कोणी तापलेलं पोर. आमची शेजारीण आशा, एरवी माझ्याकडे मीठ मागायलाही लाजणारी, ती खिडकीपुढे साडीचा पदर पसरून उभी राही. धाकू पायातल्या वहाणांसकट माझ्या चुलीपर्यंत यायचा. मोराच्या पिसाने फोटोला वारा घालायचा आणि घसा खाकरायचा. म्हणायचा, मंदा हिच्या फुफ्फुसात ठाण मांडून बसलीय, हिचा श्वास पितेय. वाकडा हात का, तर नवऱ्याला बोलावतेय. उन्हात दिसते आणि सावलीत जाते का, तर लाजाळू आहे. मेलेली बाई लाजते आणि हा मेला परक्याच्या चुलीपाशी वहाणा काढत नाही.

हसण्यावारी नेलं असतं. पण त्याने इस्पितळाचं औषध बंद करवलं. खोकणाऱ्या बाईला रोज मिरच्यांची धुरी. शेवंतीचे डोळे खोल गेले, पदरावर रक्ताचे ठिपके दिसायला लागले. आणि धाकूने सांगितलं, अवसेला दारं-खिडक्या लावून मोठी धुरी द्यायची, म्हणजे मंदा धुराबरोबर बाहेर पडेल. कोण बाहेर पडणार ते मला कळत होतं.

अवसेच्या आदल्या सकाळी धाकू यायच्या आधी मी शेवंतीचं अंग पुसायला बसले. हाडांचा सापळा नुसता. गळ्यात टाक लोंबत होता. आमच्यात रीत आहे, पहिली बायको गेली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक बांधायचा. बाईची आकृती कापून केलेला, मीच सोनारापुढे बसून करवून घेतला होता. पुसता पुसता तो माझ्या बोटात आला. त्याचा एक हात कोपरात वाकला होता. आजारी पडायच्या आधी पोहे कांडताना शेवंती उखळावर वाकली तेव्हा तो मुसळाखाली सापडला होता. तेव्हा मी तिला दोन शब्द सुनावलेही होते.

मी मान वर केली. खिडकीत ऊन आलं होतं. तीही हात वाकवून उभी होती.

मंदाचे हात तर सरळ होते.

"शेवंते, फोटो काढताना हा कुठे होता?"

ती हळूच म्हणाली, "आते, रागावू नका. तिथं म्हणाले, अंगावरचा सगळा धातू काढ. मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. पण हा उतरवला की पहिली माझा जीव घेईल, असं माझ्या आईनं बजावलं होतं. मी तो पाठीवर टाकला आणि वरून केस सोडले."

तोवर अंगण भरलं होतं. धाकूही आला. मी टाक तिच्या गळ्यातून काढला, खिडकीशी गेले आणि त्या पांढऱ्या बाईवर ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला. डोकं डोक्यावर, वाकडा हात वाकड्या हातावर. पांढरं कुठे उरलं नाही.

आशाने पदर आवरून घेतला. धाकू मात्र कच्चा नव्हता. म्हणाला, म्हणजे मंदा टाकात उतरली.

मी म्हटलं, "कालपर्यंत फुफ्फुसात होती. भाडोत्री आहे काय रे ती, तू सांगशील तसं बिऱ्हाड हलवायला? आता हा टाक काढून दुसरा फोटो काढते. त्यात ती दिसली, तर तुझ्या धुरीत मी बसते."

महिपत माझ्यावरच उखडला. टाकाविना हिचं काही झालं तर, म्हणाला. मी टाक माझ्या पदराला बांधला, शेवंतीला धरलं आणि इस्पितळाकडे निघाले. तो मागून आला.

एक्सरेची डॉक्टरीण विल्माबाई, उत्तनची. तिला मी टाकाचं सगळं सांगितलं. शेवंतीचे दात वाजत होते. विल्माबाईने तिला मागून सुटणारा झगा घालायला दिला, केसातला आकडासुद्धा काढायला लावला. "दुखायचं न्हाय," म्हणाली. "पत्रा छातीला थंड लागंल येवढंच. हनुवटी वर ठेव. धर म्हटलं का श्वास धरायचा, हलायचा न्हाय."

आम्हाला बाहेर काढलं. दाराआडून "धर" ऐकू आलं आणि माझाही श्वास अडकला. पदरातला टाक मुठीत रुतत होता. खटका वाजला. शेवंती बाहेर आली ती स्वतःच्या मोकळ्या गळ्याला हात लावत. जिवंत. तिलाच खरं वाटत नव्हतं.

फिल्म धुऊन येईपर्यंत बाकावर बसलो. महिपत दाराकडे असा बघत होता, जशी काही तिथून मंदाच यायची होती. विल्माबाईने ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. फासळ्या होत्या. बाई नव्हती. ती जिथे उभी असायची तिथे कापसाच्या बोळ्यासारखा डाग होता.

"यो क्षय हाय," ती म्हणाली. "टाकानं झाकला होता. किरणांना हाड अडवतं, धातू त्याहून अडवतो. अडतं तिथं फिल्म पांढरी. बाईच्या टाकानं अडवलं तर बाई दिसंल, चावीनं अडवलं तर चावी." मग औषध सांगितलं. सुया आणि गोळ्या, पुष्कळ महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. तसं केलं तर बरी होईल.

महिपत फिल्मजवळ गेला. बोट लावणार इतक्यात थांबला. एवढ्या मोठ्या बाप्याचा आवाज पोरासारखा झाला. म्हणाला, "आये, मग मंदा कुठं गेली?"

तिथे मला त्याच्यावर रागावता येईना. पण गप्प बसणंही माझ्याच्याने होईना. पदराची गाठ सोडून मी टाक त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं,

"मंदा तापाने गेली, महिपत. तिला अग्नी तू दिलास. जिने कधी मुंगीला दुखवलं नाही, तिला तू मेल्यावर दुसऱ्याचा श्वास पिणारी केलंस, आणि हिला जिवंतपणी धुरात कोंडलंस. अचंबा दिसला की हात जोडायच्या आधी हात लावून बघावं, कशाने दिसतो ते विचारावं. शाळा न पाहिलेल्या तुझ्या आईला ते जमलं. तुला मंदाची आठवण येते, तर रड. मीही रडते. पण सावलीशी बोलू नकोस. ह्या गोळ्या घे, आणि शेवंतीला पाणी दे."