बाराशे गड्ड्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. जिन्याखाली, चपलांच्या शेजारी पडून असते. आज कुणाला पटायचे नाही, पण एके काळी माझ्या पोटात बारा लाख मावायचे.

एका कारखान्याने पगारासाठी मला मुद्दाम घडवून घेतले होते. तेव्हा पगार दहाच्या नोटांत वाटत. दहाच्या नोटांचे बारा लाख म्हणजे बाराशे गड्ड्या! त्या मापाने लोहाराने मला बेतले. नोटांना दमट हवा लागू नये म्हणून झाकणाला आतून रबराची पट्टी लावली. झाकण पडले की कडी आपोआप बसे. मला उचलताना चौघांचा घाम निघायचा. मला पाहताच कामगार म्हणायचे, "आली बाई एकदाची!"

मग पाचशेच्या नोटा आल्या. तेच बारा लाख चोवीस गड्ड्यांत बसले. कॅशियरसाहेबांनी ते डब्याच्या पिशवीत घातले, मला हलकेच थोपटले आणि निघून गेले. पुढे मला भंगारात काढले, तेव्हा त्यांनीच मला घरी आणले. माझ्यावर रद्दीचा गठ्ठा आला. पोट मात्र रिकामेच राहिले.

आता ते आजोबा झालेत. एकदा सुनेला कौतुकाने सांगत होते, "बाराशे गड्ड्या मावायच्या हिच्यात!"

सून माझ्याकडे बघतच राहिली. "मग बाबा, आपली चिमणीसुद्धा मावेल की."

"तू म्हणजे ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस!" आजोबा हसले.

चिमणी म्हणजे त्यांची चार वर्षांची नात.

एका दुपारी आजोबा आणि चिमणी लपंडाव खेळत होते. चिमणीने रद्दी खाली उतरवली आणि ती माझ्यात शिरली. खरे सांगते, मला आनंद झाला. किती वर्षांनी पोटात काहीतरी आले होते! तेवढ्यात झाकण पडले. कडी बसली.

बाहेर आजोबा डोळे मिटून मोजत होते. इतर आजोबा वीसपर्यंत मोजतात. हे पडले कॅशियर. शंभरापर्यंत मोजायचे, आणि शंका आली की गड्डी पुन्हा पहिल्यापासून. "सत्तेचाळीस... की अठ्ठेचाळीस? थांब हं चिमणे, एक, दोन..."

आत चिमणी आधी हसली. मग रडली. मग तिचा आवाज बारीक झाला. माझे अंग जाड पत्र्याचे, मित्रांनो. हाक बाहेर जाईना, हवा आत येईना. आणि मला हात नाहीत.

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, रद्दी खाली कुणी ठेवली?" विचारता विचारताच तिने माझी कडी ओढली.

चिमणी घामाने निथळत होती. आईच्या गळ्यात पडून ती हुंदके देऊ लागली. आजोबा जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच लोहाराला आणले. माझी कडी काढली, पट्टी ओरबाडली, अंगाला अकरा भोके पाडली. चिमणी आता माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.

मित्रांनो, लपायचे असेल तर पडद्यामागे लपा, दाराआड लपा. पेटी रिकामी दिसली तरी तिची कीव करू नका. आम्हाला एकटे राहायची सवय असते.

आजोबा हल्ली दहापर्यंतच मोजतात, आणि डोळे उघडे ठेवून.