नकार फक्त आमच्या घराला

वॉशिंग मशीन संपल्याची टिंगटिंग झाली आणि मी श्वास रोखून गादीकडे पाहिलं. लेकीने कूस बदलली, बाहुली पोटाशी ओढली, पुन्हा झोपली. म्हणजे अजून अर्धा तास माझा.

काम तसं चार ओळींचं. एका प्रसूतिगृहाच्या सर्व्हरवरून बायकांचे रिपोर्ट ये-जा करतात. वाटेत कुणी वाचू नयेत म्हणून ते कुलूपबंद जातात. जुनी कुलुपं हल्ली कुणीही फोडतं. म्हणून मी टर्मिनलवर कमांड देऊन सर्व्हरला विचारायचं, जुन्या कुलपावर बोलतोस का? त्याने नाही म्हणायचं.

महिन्यापूर्वी तो हो म्हणाला होता. मी कळवलं. तो सर्व्हर माझा नवराच सांभाळतो. आठवड्याभराने ‘केलं दुरुस्त,’ म्हणाला. तेव्हापासून रोज नकारच येत होता. हे काम मला मिळालं तेही त्याच्यामुळे. ‘माझ्या बायकोच्या नजरेतून मुंगी सुटत नाही,’ असं तो तिथे सांगून आला होता. आज चारला अहवाल द्यायचा होता. ‘उत्तीर्ण’ लिहून, सही करून तयार होता.

पण इंटरनेट बंद. लेकीने राउटरचा प्लग काढून तिथे बाहुलीचा दिवा लावला होता. खुदकन हसू आलं. मोबाइलचं इंटरनेट जोडलं आणि शेवटचं म्हणून तीच कमांड पुन्हा दिली.

सर्व्हर हो म्हणाला.

रांगत जाऊन राउटर लावला. नाही. पुन्हा मोबाइल. हो. तीन-तीनदा करून बघितलं. सर्व्हर सगळ्या जगाला हो म्हणत होता, नकार फक्त आमच्या घराला होता.

तीन आठवड्यांपूर्वी पावाला लोणी लावता लावता त्याने विचारलं होतं, ‘आपल्या घरच्या इंटरनेटचा पत्ता काय गं?’ कोण विचारतंय हे सर्व्हर ज्यावरून ओळखतो, ते आकडे मी तोंडपाठ सांगितले होते. वर त्याच्या पावाच्या कडाही कापून दिल्या होत्या.

फोन लावला.

“मोबाइलवरून तपासलं,” मी म्हणाले.

तो म्हणाला, “अगं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. तिथली जुनी यंत्रं नव्या कुलपावर चालत नाहीत. नवी आली की जुनं कुलूप काढणारच होतो.”

“मग मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर सही केली असतीस?”

“नाही.”

“बघ, म्हणूनच.”

“त्यात माझेही रिपोर्ट आहेत. हिच्या वेळचे.”

“माहितीये गं. पण आता नापास लिहिलंस तर माझी नोकरी जाईल. आणि मी घरचाच आहे ना?”

घरचाच. परका असता तर मी दुसऱ्या ठिकाणाहूनही तपासलं असतं. मी फोन ठेवला. ‘उत्तीर्ण’ खोडून ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं, कारण लिहिलं, कुणी केलं तेही लिहिलं. पाठवलं. मग ओले कपडे मशीनमधून काढायला गेले आणि त्याच्या शर्टाशी हात थांबला.

मागे लेक उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली.

“बाबांशी कट्टी घेतलीस?”

मी शर्ट झटकला.

“आई,” ती बाहुलीचे केस सारखे करत म्हणाली, “मोठ्यांची कट्टी किती दिवस असते गं?”