पिन काढल्यावर बोलणारा कारटेप

रविवारी सकाळी नऊला ओसोफो (पाद्री) अमानिंगच्या प्रार्थनामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या पार गल्लीत गेल्या होत्या. पुढे जांभळी चादर घातलेलं टेबल, आणि त्यावर एका ट्रोट्रोचा, म्हणजे प्रवासी व्हॅनचा, जुना कारटेप. दोन वर्षांपूर्वी घानातल्या कुमासीच्या रस्त्यावर ती व्हॅन उलटली आणि चालक दोन्कोर जागीच गेला. टेप तेवढा धड राहिला. तो दोन्कोरच्या विधवेने, बोआचेवाने, ओसोफोच्या स्वाधीन केला होता, आणि आता दर रविवारी त्यातून दोन्कोर बोलत असे.

ओसोफोची पद्धत ठरलेली होती. टेपमधून आवाज येऊ लागला की तो भिंतीतली पिन उपसून लोकांपुढे नाचवायचा. "आतापर्यंत वीज कंपनीचा करंट होता. आता हा वरचा करंट. याचं बिल येत नाही, मीटर फिरत नाही." लोक हसत आणि हसता हसता गप्प होत, कारण टेप खरोखरच बोलत राहिलेला असे. दोन वाक्यं, फार तर तीन. मग आत्म्याला शीण नको म्हणून ओसोफो पिन पुन्हा भिंतीत खोचायचा.

तिसऱ्या रांगेत अफ्रिये बसली होती, बोआचेवाची धाकटी बहीण. गाड्यांचं वायरिंग आणि टेप दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. दोन रविवारांपूर्वी ती पहिल्यांदा इथे आली, तेव्हा तिचं लक्ष दोन्कोरच्या शब्दांकडे गेलंच नाही. चादरीखालून बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. तो तिच्या रोजच्या ओळखीचा होता, ट्रान्सफॉर्मरचा.

गेल्या रविवारी मात्र दोन्कोरने सांगितलं होतं, लेकीच्या गोळ्या बंद कर. लेक सेरवा एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिला फिट यायच्या. दवाखान्यातल्या गोळ्यांनी तीन वर्षं एकही आली नव्हती. गोळ्या थांबल्या आणि चौथ्या दिवशी ती चुलीपाशी कोसळली. कोपर उकळत्या पातेल्याला लागून भाजलं. ओसोफो म्हणाला, सैतान बाहेर पडतोय, तो जाताना ओरबाडणारच. आज उरलेल्या गोळ्या सगळ्यांदेखत पाण्याच्या बादलीत टाकायच्या, आणि सेरवाने तीन दिवस उपास धरायचा.

अफ्रियेने बहिणीला हरप्रकारे सांगून पाहिलं होतं. बोआचेवा एवढंच म्हणाली, "तुझा नवरा असा बोलला असता, तर तू कान बंद केले असतेस का?"

मग अफ्रियेने वाद सोडला आणि दुकानात जाऊन एक वस्तू बनवली. घरच्या विजेवर गाडीचा टेप वाजवायची हौस तिच्या गिऱ्हाइकांना होतीच, त्यामुळे काम हातातलं होतं. जुन्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर वीज बारा व्होल्टपर्यंत उतरवतो. चार डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात. पुढे दुधाच्या डब्याएवढा कंडेन्सर वीज साठवून ठेवतो, म्हणजे मोठ्या ठोक्याला गाणं अडखळत नाही. असे तीन कंडेन्सर तिने जोडले, टेप लावला आणि पिन काढली. टेप अकरा सेकंद वाजत राहिला. तिने चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा अकरा.

आज ओसोफोने पिन उपसायच्या आधीच ती उठून पुढे गेली. दाजींशी दोन शब्द बोलायचेत, म्हणाली. मेहुणीला नाही कसं म्हणणार? लोकच म्हणाले, बोलू दे तिला.

"दाजी," ती टेपकडे तोंड करून म्हणाली, "जेवणाआधी तुम्ही आमच्याकडे प्रार्थना म्हणायचात ना, ती म्हणा. सगळी म्हणा. पिन मी धरते." आणि तिने ती उपसली.

टेपमधून घोगरी प्रार्थना सुरू झाली. ओसोफोने हसत हात पुढे केला. "दे बाई, आत्मा थकतो."

"दोन वर्षं विश्रांती झालीय त्यांची," अफ्रिये म्हणाली. तिने पिन पाठीमागे धरली आणि मोठ्याने आकडे मोजू लागली.

नऊ. दहा. अकरा.

आवाज चालूच होता. बारा. तेरा. कुणीतरी फिसकन हसलं. याने बॅटरी तर बसवली नसेल? तसं असेल तर टेप दुपारपर्यंत बोलेल, आणि तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या बादलीत जातील. बोआचेवाने लेकीच्या हातातलं पाकीट घेतलंही होतं. पंधरा. सोळा.

सतराला टेपचा निळा दिवा मंदावला. आवाज चिरका झाला, घरघरला आणि बंद पडला. चादरीखालची घूं पिन निघाली तेव्हाच थांबली होती. आता मंडपात काहीच ऐकू येईना.

आणि त्या शांततेत, मागच्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडून, तीच प्रार्थना पुढे चालू राहिली. "...आणि आमच्या लेकरांना आजारापासून दूर ठेव..." घोगरेपणा नव्हता. मंडळात कीबोर्ड वाजवणाऱ्या येबोआचा तो आवाज सगळ्यांनी ओळखला. तो बिचारा ब्लूटूथने टेपला जोडलेला मोबाइल तोंडाशी धरून आणखी दोन वाक्यं बोलला, मग काहीतरी चुकल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

ओसोफो म्हणू लागला की माणसाच्या संशयाने वरचा करंट तुटतो. कुणी ऐकत नव्हतं. चादर ओढली गेली. खाली तोच ट्रान्सफॉर्मर, तेच चार डायोड, आणि कंडेन्सर पाच.

"तारांना हात लावू नका, भाजाल," अफ्रियेने आधी बजावलं. मग तिने एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगितलं, कोण काय करतं. "यात देवाचं काही नाही आणि भुताचंही नाही. उद्या दुकानात या, तुमच्या हाताने जोडून बघा. एखादी गोष्ट कळली नाही, तर ती उघडून बघा, विचारा. कुणी बघू देत नसेल, तर त्याच्या सांगण्यावरून औषध तरी सोडू नका."

सेरवाने आईच्या हातून पाकीट काढून घेतलं. पाण्याची पिशवी दातांनी फोडली आणि गोळी गिळली.

बोआचेवा खुर्चीतून उठली नाही. माणसं पांगली, कुणीतरी बोलावलेल्या पोलिसांनी ओसोफोला नेलं, तरी ती त्या टेपकडे बघत होती. नवरा तिने दुसऱ्यांदा गमावला होता, आणि या वेळी बहिणीच्या हातून. पंधरा दिवस ती अफ्रियेशी बोलली नाही. मग एका दुपारी दुकानात आली. दोन्कोरची प्रार्थना, त्याच्या घरातल्या गोष्टी येबोआला कशा ठाऊक होत्या, असं तिने विचारलं.

"तूच ओसोफोला सांगितलंस, ताई. दर बुधवारी, रडत रडत."

बोआचेवा बाकावर टेकली. "म्हणजे त्यांना खरंच काय सांगायचं होतं, ते मला कधीच कळायचं नाही."

"नाही कळायचं," अफ्रिये म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही. हात पुसून तिने शटर अर्धं ओढलं, आणि सेरवाच्या तपासणीची तारीख कधी आहे, ते विचारलं.

"आजच."

दोघी निघाल्या.