पेटीवरचा आकडा

झुंबरनं किल्ली फिरवली. टक्. एवढाच आवाज झाला आणि ट्रक गप्प बसला.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. अडलेला रस्ता सुटला तसा पुढचा कंटेनर उतारावरून सरकत पार खाली गेला होता, मागचे हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवत होते, आणि मे महिन्याच्या त्या भर दुपारी झुंबरच्या पाठीवर गार घाम फुटला.

केबिनमध्ये दुसरी गार वस्तू एकच होती. बायकोच्या, लताबाईच्या मांडीला खेटून ठेवलेली निळी पेटी. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिजच तो. त्यात दोन इवल्या बाटल्या आणि बाटल्यांत त्यांच्या लेकीचं, स्नेहाचं दूध. सगळं मिळून चाळीस मिली. स्नेहा मालेगावच्या दवाखान्यात तापानं फणफणलेली, आणि सातव्या महिन्यात झालेली तिची पोर नाशिकच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत. वजन अकराशे ग्रॅम. पन्नास किलोची कांद्याची गोणी एका झटक्यात पाठीवर घेणारा हा गडी, पण तो आकडा ऐकला तेव्हा त्याला मटकन खालीच बसावं लागलं होतं.

"तिला आईचंच दूध पचेल," नाशिकच्या सिस्टरनं सांगितलं होतं. "पण बाबा, पेटीवरचा आकडा आठ डिग्रीच्या वर गेला तर मी ते दूध घेणार नाही."

आता आकडा चार होता.

घाट चढून आल्यावर चांदवडच्या अलीकडं एक ट्रेलर आडवा झाला होता. दोन तास सगळ्या गाड्या जागच्या जागी. इंजिन बंद, पेटी चालू. तशी ती पेटी मालकापेक्षा शहाणी. बॅटरी उतरायला लागली की आपणहून बंद व्हायची. ती वेळीच बंद पडावी म्हणून मालेगावच्या वायरमननं तिचं बटण 'हाय'वर लावून बजावलं होतं, "काका, याला हात लावायचा नाही. नाहीतर सेल्फ मारून गाडी चालू करायला करंट उरणार नाही."

पण तासाभरानं पेटी पीं-पीं करून बंद पडली. झुंबरनं बटण 'लो'वर ढकललं, म्हणजे बॅटरी पार उतरेपर्यंत ती चालू राहील. पेटी पुन्हा घरघरायला लागली.

"राहू द्या की बंद," लताबाई म्हणाली होती. "आतून बर्फावानी झाली हाय. तासभर काय होत नाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

आता कळलं होतं, पण त्याला. पेटीनं बॅटरी चाटूनपुसून खाल्ली होती.

"लता, तू उतर," तो म्हणाला. "पेटी घे आन् मागच्या कुणाच्या तरी गाडीत बस. मी उतारावर सोडून चालू करतो. नाय झाली तर... तू उतर."

इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणार नाही. हवेचा काटा लाल पट्टीच्या जरा वर होता. फार तर दोन ब्रेक. मागं दहा टन कांदा.

लताबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग पेटीची वायर खसकन उपटली.

"अगं, काय करतेस!"

"माठाला कधी वायर लावली होती का तुम्ही?" सीटमागची गोधडी ओढून तिनं पेटी तान्ह्या लेकरासारखी गुंडाळली. "राहते गार. मी कुठं उतरत नाय. सोडा गाडी." बोलली खरी, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

झुंबरनं क्लच दाबला, तिसरा गियर टाकला, हँडब्रेक सोडला. दहा टन कांदा हलायला लागला. आधी मुंगीच्या पावलांनी, मग वेगानं. स्टेअरिंग दगडासारखं जड. त्यानं क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की लताबाईचं कपाळ डॅशबोर्डला लागलं. इंजिन खोकलं आणि मेलं.

खाली कंटेनरचे लाल दिवे लागले. तो पुन्हा थांबला होता.

ब्रेक मारावा तर गाडी इथंच अडकणार, मग दूध गेलं. न मारावा तर... झुंबरला लघवी होईलसं वाटलं. वीस वर्षांत एवढा घाबरला नव्हता तो. "आई गं, आई गं," तो म्हणत होता आणि आपण बोलतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा क्लच दाबला. कंटेनरच्या मागं लिहिलेलं 'अंतर ठेवा' वाचता यायला लागलं. त्यानं क्लच सोडला.

इंजिन धडधडून उठलं. त्यानं ब्रेकवर अंगाचा सगळा भार टाकला. ट्रक थरथरत थांबला तेव्हा मध्ये माणूस आडवा निजेल एवढी जागा उरली होती.

मग लताबाईनं गोधडी बाजूला करून वायर परत खोचली. आकडा उजळला. पाच.

"पाच," ती म्हणाली आणि कपाळावरचं टेंगूळ चोळत रडायला लागली.

नाशिकपर्यंत झुंबरनं इंजिन एकदाही बंद केलं नाही. दवाखान्याच्या फाटकाशीही नाही. वॉचमन ओरडत होता, "ओ मामा, गाडी बंद करा, पेशंट झोपलेत!" झुंबर नुसते हात जोडत राहिला. पेटी आत गेली होती, तरी त्याचा हात किल्लीकडं जाईना.

अर्ध्या तासानं लताबाई बाहेर आली.

"घेतलं?"

"घेतलं. नळीनं. दोन मिली."

"दोनच?"

"एका टायमाला तेवढंच घेते ती. बाकीचं त्यांनी फ्रिजात ठेवलं." ती वर चढून बसली. रिकामी पेटी तिनं मांडीवर घेतली. "आन् सिस्टर पुसत होत्या, उद्याचं कधी आणता म्हणून."

झुंबरनं पेटीचं बटण 'लो'वरून 'हाय'वर सरकवलं. किल्लीला मात्र त्यानं हात लावला नाही. मग लताबाईनंच हात लांब करून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.