मालधक्क्यावरचं जंगल

यवतमाळची छोटी रेल्वे बंद पडली आणि तिच्या मालधक्क्यावर नगरपालिकेनं कडुनिंब, करंज लावून जंगल उभं केलं. तुळसाबाई पूर्वी इथं गाठींतून सांडलेला कापूस झाडायची, आणि घरी जाताना चोरी नाही हे दाखवायला फाटकावर चौकीदारासमोर पदर झटकायची; तो 'जा' म्हणाला की मगच निघायची. आता ती पानं झाडत होती.

"मावशी, जंगल कोणी झाडते काय?" मुकादम राजदीप म्हणाला. "राहू दे, खत होते त्याचं."

"मंग मले कायले ठेवलं?"

खराटा टाकून ती धक्क्यावर टेकली. कामाच्या वेळी जन्मात पहिल्यांदाच टेकली, पण शीण काही उतरला नाही.

दिवेलागणीला फाटकाशी येऊन तिनं पदर झटकला. चार सुकी पानं पडली. बघायला कोणी नव्हतं, तरी 'जा' म्हणायची वाट पाहत ती उभीच राहिली.