वस्तऱ्याखालचा होकार

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. शाळेतली नव्हे आणि पुढाऱ्यांची तर मुळीच नव्हे. मी दाढीची खुर्ची आहे. माझी पाठ मागे कलते, डोकं टेकायला वर एक छोटी उशी आहे, आणि माझ्या दोन्ही हातांवरचं कातडं इतकं झिजलं आहे की आतला काथ्या बाहेर डोकावतो. ते कशानं झिजलं हे सांगावं म्हणून आज बोलते आहे. एरवी बोलणं माझ्या स्वभावात नाही.

माझे पाय लोखंडाचे, ओतीव. मला दुकानात आणताना हमालांच्या तोंडाला फेस आला होता. तेव्हा आमचे मालक तरुण होते. त्यांनी मला रोज तेल दिलं, फडक्यानं पुसलं आणि येईल त्याला सांगितलं, "बसून तर बघा." लोक बसत आणि घोरायला लागत. त्या वर्षांत माझा थाट काय वर्णावा. पुढे बटणावर वरखाली होणारी, गोल फिरणारी नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. केस कापायचे तिच्यावर, माझ्या वाट्याला फक्त दाढ्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्या कोपऱ्यानं मला मालकांची लेक दिली. घर म्हणजे दुकानामागची एकच खोली. तिथे शेजारणी यायच्या, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. म्हणून दुपारी दुकान रिकामं झालं की पोर पाय पोटाशी घेऊन माझ्यावर अभ्यासाला बसायची. ती मोठ्यानं वाचायची, त्यामुळे हृदयाचे कप्पे मलाही तोंडपाठ झाले. तिला डॉक्टर व्हायचं होतं. गिऱ्हाइकं तिला लाडानं "डॉक्टरीणबाई" म्हणायची आणि ती लाजायची.

मग मेडिकलची प्रवेश परीक्षा आली आणि पोर नापास झाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिली. गुण बरेच वाढले, पण नंबर लागला नाही. गिऱ्हाइकं मात्र "काय डॉक्टरीणबाई" म्हणायची थांबली नाहीत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुकानात कोणी असलं की ती आता मागच्या दारानं घरात जायची. दुपारी माझ्यावर बसायची, पुस्तक उघडायची आणि पान उलटायचीच नाही.

यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं घरात ठरलं. "या वेळी नाही झालं तर दुसरं काहीतरी बघू," असं तिची आई म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून आत गेली. त्यामुळे क्लास कुठला लावायचा याच्यावर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. एक होता दूरच्या शहरातला सहा मजली क्लास. तिथे राहायची सोय होती आणि रस्त्यारस्त्यावर त्याच्या पाट्या होत्या. दुसरा टायरच्या दुकानावर भरायचा. एक निवृत्त बाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना शिकवायच्या. पोर दोन्हीकडे एकेक दिवस बसून आली होती. शनिवारी सहा मजलीचे प्रवेश बंद होणार होते.

मालकांनी चौकशीचं काम अंगावर घेतलं. आणि चौकशी करणार कुठे, तर दुकानात. दिवसभर तऱ्हेतऱ्हेची डोकी हाताखालून जाणारा माणूस, तो आणखी कोणाकडे जाणार? केस कापताना कात्रीच्या कचकचीत बोलणं धड होत नाही, म्हणून ते दाढीच्या वेळी विचारायचे. फेस लावायचा, मान मागे टेकवायची, वस्तरा गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "पोरीला त्या सहा मजलीत घालतोय. बरोबर ना?"

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, गळ्यावर धार असताना नाही म्हणून मान कोण हलवेल? सगळे म्हणायचे, "हं."

शाळेतले मास्तर हं म्हणाले. औषधाच्या दुकानाचे मालक हं म्हणाले. ज्याच्या घरात कोणी शिकलेलं नव्हतं तो रंगारीसुद्धा हं म्हणाला. प्रत्येक हुंकारानं मालकांचा धीर वाढायचा. रात्री जेवताना ते बायकोला सांगायचे, "अख्खा गाव एका बाजूला आहे बघ." माझ्यासारखीला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की अहो, त्यांचं तोंड काय म्हणतं ते सोडा, हात बघा. कारण हं म्हणताना कितीतरी जणांची बोटं माझ्या हातांत रुतायची. माझं कातडं तिथेच झिजलं आहे. मी काय करणार? मी कुरकुरले. मालकांनी मला तेल दिलं.

एके दिवशी एक आचारी दाढीला आला. गप्पांतून कळलं की तो त्याच सहा मजलीच्या भटारखान्यात होता आणि नुकताच काम सोडून परतला होता. मालकांना आकाश ठेंगणं झालं. वस्तरा गळ्यावर आला. "मग काय, एक नंबर ना?" आचाऱ्यानं माझे हात असे आवळले की मला वाटलं, आता निखळतात. म्हणाला, "हं."

मालक तोंड पुसायचा टॉवेल आणायला आत गेले. सहा मजलीचं नाव ऐकून पोर बाकावर येऊन बसली होती. आचारी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "बाळा, तिथं मुलं जेवताना बोलत नाहीत गं. नुसती ताटं वाजतात." आणि टॉवेलची वाट न बघता निघून गेला.

पोरीनं संध्याकाळी बोलायचा प्रयत्न केला. "बाबा, मला त्या टायरवाल्या बाईंकडे..."

"टायरच्या दुकानावर काय डॉक्टर होतात?" मालक म्हणाले. "अगं, एक माणूस नाही म्हणालेला नाही मला."

ती मागच्या दारानं घरात गेली. तिचं ते जाणं मला ओळखीचं होतं. त्यानंतर चार दुपारी ती माझ्यावर बसलीच नाही.

शुक्रवारी दुपारी मालक स्वतःची दाढी करायला आरशापुढे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात नीटनेटकं जायचं होतं. पण लक्ष उद्याकडे होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या गालावर ओरखडा न काढलेल्या माणसानं स्वतःची हनुवटी कापून घेतली.

"बसा, मी करते," पोर म्हणाली. लहानपणापासून बघून बघून तिचा हात बसला होता.

मालक माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. किती हलके होते ते. पोरीनं तुरटी लावली, फेस केला, मान टेकवली आणि वस्तरा गळ्यावर ठेवून शांतपणे विचारलं, "बाबा, मी या वर्षी परीक्षाच देऊ नये. बरोबर ना?"

मालकांची दहाही बोटं माझ्या हातांत रुतली. पण मान हलली नाही. घशातून आवाज आला, "हं."

पोरीनं वस्तरा उचलून बाजूला ठेवला. "आता सांगा."

मालक उठून बसले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. "नाही, नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांना सगळं एकदम उमगलं. मास्तर, रंगारी, आचारी, सगळेच. त्यांनी माझ्या झिजलेल्या हातांवरून बोटं फिरवली. म्हणाले, "तुला विचारलंच नाही गं मी."

मग पोर बोलली. पहिल्या वर्षी ती गावातल्याच एका मोठ्या क्लासाला जायची, तिथे दर परीक्षेनंतर तिला मागच्या वर्गात ढकलत गेले होते. शेवटच्या वर्गात ती इतकी मागे बसायची की तिनं हात वर केलेला कोणाला दिसायचा नाही. मग तिनं हात वर करणंच सोडलं. "टायरवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला फळ्यापाशी बोलावलं. माझं चुकलं, तर म्हणाल्या, कुठं चुकलं ते तूच शोध. मला सापडलं, बाबा."

शनिवारी मालक टायरच्या दुकानाचा जिना चढले. परीक्षा अजून व्हायची आहे. पोर रोज माझ्यावर बसून वाचते, मध्येच रडते, पुन्हा वाचते. नंबर लागेल की नाही, मला सांगता येत नाही. भीती आम्हा सगळ्यांनाच वाटते. यंदाही नाही झालं तर काय, हे आमच्याकडे कोणीही मोठ्यानं बोलत नाही.

मित्रांनो, मला तेल नाही दिलंत तरी चालेल. काथ्या बाहेर आला आहे, येऊ द्या. पण उद्या तुम्ही आईबाप व्हाल, मोठे व्हाल, तुमच्या हाती कोणाची तरी मान असेल. त्याला काही विचारायचं असेल, तर आधी वस्तरा खाली ठेवा.